बिघाड यकृतात, इजा मेंदूला: मग शिकायचं काय?

प्रश्न: फिनाइलकीटोन्युरियाबद्दल वाचलं तेव्हापासून आनुवंशिक चयापचय विकारांत मेंदूचं काय होतं, यावरच काम करावंसं वाटतंय. आई-बाबा म्हणतात डॉक्टर हो, मैत्रिणी म्हणतात न्यूरोसायन्स घे. मला बायोकेमिस्ट्री आवडते, पण तिचं नाव कोणीच काढत नाही. काय करू?

उत्तर: मेंदूवर काम करायचं म्हणजे न्यूरोसायन्सच, असं निदान या क्षेत्रात तरी नाही. तू वाचलेलाच आजार घे. त्यात बिघडलेलं एन्झाइम असतं यकृतात. फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लाचं, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकाचं, टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर होत नाही आणि ते रक्तात साचत जातं. रक्तातून मेंदूत शिरताना फिनाइलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्यूसिन ही सगळी अमिनो आम्लं एकाच वाहक प्रथिनावर अवलंबून असतात. एकाच दाराशी एकाचीच झुंबड उडाली की बाकीचे बाहेर ताटकळतात, तसंच होतं. टायरोसिनपासून डोपामिन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन; ही दोन्ही चेतापेशींमधले निरोप पोचवणारी रसायनं. दोन्ही कमी पडतात. मायलिनला, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणालाही, धक्का बसतो. म्हणजे मेंदूतली गोष्ट समजायला आधी एन्झाइम आणि वाहक प्रथिनांचं गणित पक्कं हवं. ते बायोकेमिस्ट्रीच शिकवते.

मेपल सिरप युरिन डिसीज या दुसऱ्या आनुवंशिक आजारात ल्यूसिन मोडलं जात नाही, ते वाढतं आणि जन्मानंतर काही दिवसांतच बाळाच्या मेंदूला सूज येऊ शकते. अमोनियाचा युरिया करणाऱ्या यकृतातल्या युरिया चक्रात दोष असला की अमोनिया साचतो. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशी त्याचं ग्लुटामिन करतात आणि त्या भरात स्वतःच फुगतात. नॉनकीटोटिक हायपरग्लायसिनीमिया हा आजार मात्र वेगळा. तिथे ग्लायसिन हे अमिनो आम्ल मोडणारी यंत्रणा खुद्द मेंदूतही निकामी असते आणि वाढलेलं ग्लायसिन चेतापेशींच्या रिसेप्टरांना (निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना) नको इतकं चेतवतं. असे प्रश्न तुला जास्त खेचत असतील तर पदव्युत्तर पातळीवर न्यूरोसायन्सकडे जरूर वळ. पहिली पदवी मात्र बायोकेमिस्ट्रीची घे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आई-बाबांचंही चूक नाही. १९३४ मध्ये नॉर्वेत फिनाइलकीटोन्युरिया ओळखणारे आस्ब्यॉर्न फॉलिंग डॉक्टरच होते. पण वैद्यकाआधी ते रसायनशास्त्र शिकलेले होते, आणि दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर हिरवा रंग दिसला तेव्हा थांबून शोध घेण्याची नजर त्यांना त्या शिक्षणाने दिली असावी. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये फिनाइलॲलनिन कमी असलेल्या आहाराने उपचार झाले. त्यात हॉर्स्ट बिकेल आणि जॉन जेरार्ड या डॉक्टरांबरोबर एव्हलिन हिकमन्स ही बायोकेमिस्ट होती.

आहारावरून आठवलं. या क्षेत्रातलं सर्वात दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वात कसाचं काम मेटाबॉलिक डाएटिशियनचं, म्हणजे अशा रुग्णांचा आहार ठरवणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये ल्यूसिन वाढतंय म्हणून आहारातली प्रथिनं तोडली आणि ती फारच कमी झाली, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि ल्यूसिन पुन्हा चढतं. वाढत्या बाळात हा तोल वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. तू हा पर्याय लिहिलेलाच नाहीस, त्याचा विचार कर. जेनेटिक काउन्सेलिंगचाही, म्हणजे कुटुंबांना आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देण्याच्या कामाचाही.

संशोधनाला वाव आहे का? आहे. फिनाइलकीटोन्युरियावर लहानपणापासून उपचार घेतलेल्या काही प्रौढांनाही एकाग्रतेच्या, मनःस्थितीच्या तक्रारी उरतात. हा आजार असलेल्या स्त्रीच्या गरोदरपणात फिनाइलॲलनिन चढं राहिलं, तर गर्भाला तो आजार नसतानाही त्याच्या मेंदूला इजा होते.

एक अडचण आधीच सांगते. हे आजार दुर्मिळ आहेत, त्यामुळे फक्त त्यांच्यावरच चालणाऱ्या जागा मोजक्या. म्हणून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री (रक्तातली अमिनो आम्लं वगैरे मोजायचं तंत्र) आणि संख्याशास्त्र नीट शिकून घे. ही दोन्ही कौशल्यं इतर प्रयोगशाळांतही चालतात. सुट्टीत एखाद्या क्लिनिकल बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळेत बसता येतं का, विचारून बघ. अमिनो आम्लांचा अहवाल वाचताना तुझ्या मनात आधी ते बाळ येतं की तो आकडा, याकडे लक्ष दे. बाळ आलं तर आई-बाबांचं ऐकायला हरकत नाही.