फ्लॅट बघून "कळवतो" म्हणाले, आता फोन करायचा का?

प्रश्न: ताई, कोथरूडला आमचा वन बीएचके आहे, आधीचे भाडेकरू गेले तेव्हापासून रिकामाच आहे. साइटवर टाकलाय, लोक येतात, बघतात, "छान आहे काकू, घरी विचारून कळवतो" म्हणतात आणि मग काहीच नाही. मिस्टर म्हणतात आपण मागे लागलो तर भाव पाडून मागतील, मुलगा म्हणतो रोज मेसेज कर. नक्की काय करू?

उत्तर: काकू, फोन जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. भाव पाडून मागणारा तुम्ही गप्प बसलात तरी मागतोच. पण मुलगा म्हणतो तसं रोज नको, रोजच्या मेसेजने माणूस वैतागतो आणि सरळ ब्लॉक करतो.

घर बघणारा माणूस एका रविवारी चार-पाच फ्लॅट फिरतो हो, संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात सगळ्यांची खिचडी झालेली असते, कुठल्या घराला गॅलरी होती आणि कोण किती डिपॉझिट म्हणालं काही आठवत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका, असा: "नमस्कार, आज तुम्ही आमचा फ्लॅट बघितलात. भाडं २२ हजार, मेंटेनन्स त्यातच, डिपॉझिट ६६ हजार. टू व्हीलरला पार्किंग आहे, कारला नाही. १ तारखेपासून मिळेल. शनिवारपर्यंत हो-नाही कळवा, नाही असेल तरी चालेल." सोबत दोन-तीन फोटो. आकडे अर्थात तुमचे घाला. ते शेवटचं "नाही असेल तरी चालेल" मात्र विसरू नका, बरेच जण नाही म्हणायला लाजतात म्हणूनच गायब होतात.

दोन दिवसांनी एक फोन, संध्याकाळी सातनंतर, ऑफिसच्या वेळात नको. "काय ठरलं?" असं विचारलं की "बघतो" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "कुठे अडतंय, डिपॉझिट जास्त वाटतंय की ऑफिस लांब पडतंय?" असं विचारा. ऑफिस हिंजवडीला असेल तर कोथरूडहून रोजचं जाणं-येणं खरंच जिवावर येतं, तिथे तुम्ही काही करू शकत नाही, सोडून द्या. पण अडचण डिपॉझिटची असेल आणि माणूस बरा वाटत असेल तर थोडं कमी करा की, महिनाभर कुलूप लावून ठेवलं तर २२ हजार तसेच जातात. शनिवार उलटला आणि उत्तर नाही, तर विषय संपला, पुढच्याला बोलवा. आणि "दुसरी पार्टी तयार आहे" अशी खोटी घाई करू नका प्लीज, लोकांना कळतं ते.

अजून एक, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सोसायटीला बॅचलर चालत नसतील, पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. त्या बिचाऱ्याने अर्धा दिवस सुट्टी टाकून यायचं आणि दारात हे कळायचं, हे बरोबर नाही.

हो म्हणाला तरी टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, येईपर्यंत बाकीच्यांना नाही म्हणू नका. टोकन यूपीआयने घ्या आणि रक्कम, तारीख, रद्द झालं तर परत मिळणार की नाही हे लगेच लिहून पाठवा. मग लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि रजिस्टर्ड लागतो आणि ही जबाबदारी घरमालकाचीच, म्हणजे तुमची. ११ महिन्यांचा असला तरी. वर दिलेल्या आकड्यांना ११ महिन्यांसाठी ०.२५ टक्क्याने स्टॅम्प ड्युटी सहा-सातशे रुपये आणि शहरात रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये, एजंटचे वेगळे. हा खर्च कोण करणार तेही त्या पहिल्या मेसेजमधेच घाला, सही करताना त्यावरून वाद नकोत. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती ऑनलाइन देता येते, मुलाला सांगा भरायला.