कोयता सुटला, आता लेक पुन्हा उसाकडे?

मानखुर्दहून एका वडिलांनी लिहिलंय: 'आम्ही मूळचे बीडचे. कोयता सोडून मुंबईत टेम्पो चालवतो. भाऊ-वहिनी अजून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. मुलीने बारावी सायन्स करून सीईटी दिली, तिला कृषी अभियांत्रिकीला जायचंय. ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टर यंत्राने माणसांचं काम जातंय, मग तिने तिकडे का जावं?'

नमस्कार दादा,

काम जातंय हे खरंच. नवं कामही निघतं, पण ज्याचं गेलं त्याच्याच हाती ते सहसा पडत नाही. पंजाबचं बघा. भूजल वाचवायला 2009 मध्ये कायदा आला: 10 जूनआधी भातलावणी नाही. लावणी लांबली तशी कापणीही, आणि गहू पेरायला मोजके दिवस उरले. कापणी-मळणी करणाऱ्या कम्बाइन यंत्रामागे उभी राहणारी धसकटं शेतकरी पेटवून द्यायला लागले. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदी घातली. मग धसकटातच गहू पेरणाऱ्या यंत्रांचा आणि पेंढ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरचा वापर वाढला. कापणीच्या मजुराचं काम कम्बाइनने आधीच नेलं होतं. बेलरवर हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, कळणारा माणूस लागला.

उसातही तेच. हार्वेस्टरला दोन सरींमध्ये चार-पाच फूट अंतर लागतं, म्हणजे लागवडच बदलावी लागते. ऐन हंगामात यंत्र बंद पडलं की तोड थांबते, दुरुस्तीवाला थेट उसाच्या फडात हवा असतो. 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना 2023 पासून धुराचे कडक नियम आहेत. त्या इंजिनांत सेन्सर आले, नुसत्या पान्याने भागत नाही. तुमच्या लेकीची गरज इथे आहे. तिला जाऊ द्या.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठांत हा अभ्यासक्रम आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, वर्कशॉपमध्ये हात किती काळे होतात? पुष्कळ जण ही पदवी घेऊन एमपीएससीच्याच मागे लागतात. तिचा तो विचार असेल तर आत्ताच बोलून घ्या.

भावाबद्दल खोटा दिलासा देणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, यंत्रावर मात्र बसतो एकच ड्रायव्हर, आणि तो बहुधा पुरुषच. वहिनींच्या हातचं काम आधी जाईल, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. त्यांच्या मुला-मुलींपैकी कोणी दहावी झालं असेल तर आयटीआयला कृषी यंत्रांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. यंदाची उचल घेण्याआधी भावाशी बोला. उचल घेतली की पोरंही फडावर जातात आणि वर्ष वाया जातं.