6000 ची रॅम, पण रीड 60 जीबीच! दुकानदाराने फसवलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझेन 5 7600 हा प्रोसेसर, त्यावर डीडीआर5-6000 सीएल30 रॅमच्या दोन स्टिक (6000 हा रॅमचा वेग, सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारे घड्याळाचे ठोके). हिशेबाने सेकंदाला 96 जीबी यायला हवेत, पण वेग मोजणाऱ्या एआयडीए64 मध्ये रीड, म्हणजे रॅममधून वाचण्याचा वेग, 60 च्या आसपास येतं आणि हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये तर 3000 च दिसतं. जळगावला जाऊन रॅम परत करावी का?

आत्ताच नको. मी भुसावळला पीसी जोडून देतो. ही शंका घेऊन बरेच जण येतात आणि बहुतेकांची रॅम चांगली निघते.

3000 चं उत्तर सोपं आहे. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, आणि सीपीयू-झेड ठोके दाखवतो. 3000 दुणे 6000. तिथे 2400 दिसलं असतं, तर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय असं म्हटलं असतं.

आता 60 चं. तुमचा 96 चा हिशेब रॅमपुरता बरोबर आहे: 6000 गुणिले 8 बाइट म्हणजे एका चॅनलचे (रॅमच्या एका मार्गिकेचे) 48 जीबी, दोन चॅनलचे 96. पण 7600 मध्ये कोअरचा चिपलेट (चिपचा छोटा तुकडा) एकच, आणि तो मेमरी कंट्रोलरशी ज्या वाटेने जोडलेला असतो तिथून दर ठोक्याला 32 बाइटच आत येतात. या वाटेचं घड्याळ, म्हणजे एफसीएलके, 2000 मेगाहर्ट्झवर असेल तर सेकंदाला कमाल 64 जीबी. धरणात पाणी भरपूर आहे, पाटाची रुंदी तेवढीच. म्हणून तुमचे 60 उत्तम आहेत. 7200 ची रॅम घेतली तरी हा आकडा फारसा हलणार नाही, त्यात पैसे घालू नका.

खरी गडबड मी वेगळीच पाहिली आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या होत्या. एकच चॅनल चालत होता, आणि महिनाभर तो प्रोसेसरला दोष देत होता. चार स्लॉटच्या बोर्डावर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघाच.

स्वतः मोजायचं असेल तर जॉन मॅककॅल्पिन यांचा स्ट्रीम हा मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्राम वापरा, पण आहे तसा नको. त्यात प्रत्येक अ‍ॅरे (आकड्यांची यादी) 1 कोटी घटकांचा, म्हणजे 80 एमबीचा असतो. नियम सांगतो, अ‍ॅरे शेवटच्या कॅशच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) किमान चौपट हवा. तुमची एल3, म्हणजे ही शेवटची कॅश, 32 एमबी, म्हणजे 128 एमबी तरी पाहिजे. नाहीतर रॅमऐवजी काही अंशी कॅशच मोजली जाते. ब्राउझर बंद करून पाच वेळा चालवा, मधला आकडा धरा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला.

लेटन्सी, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ, 70 नॅनोसेकंदांच्या आसपास दिसली तर घाबरू नका. सीएल30 चे 10 नॅनोसेकंद हा त्या प्रवासाचा एक टप्पा आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लोक रॅममधल्या चुका शोधणारं मेमटेस्ट86 रात्री लावून झोपतात. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी 45 अंश असतं, आणि डीडीआर5 मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच बसते, म्हणजे उष्णता तिथेच. रात्री पास झालेली रॅम दुपारी तीनला एरर देते, हे मी अनेकदा पाहिलंय. टेस्ट भर दुपारी, केस बंद ठेवून करा. स्टिकचं तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं. आणि कृपा करून वाळ्याच्या कूलरचा ओला झोत केसवर सोडू नका.

दुपारी एरर आल्या तर एक्स्पो ठेवून वेग 5600 करा आणि पुन्हा तपासा. एक्स्पो पूर्ण बंद करूनही एरर येत असतील, तर एकेक स्टिक वेगळी लावून कोणती चुकते ते शोधा, स्क्रीनचा फोटो काढा आणि मग खुशाल जळगावची गाडी धरा.