मे महिन्यात पंधरा दिवस बाहेर जायचं आहे. लॅब्राडॉरला होस्टेलवर ठेवू की ट्रेनरकडे? भरवसा कुणाचा धरू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वणीजवळच्या खेड्यात राहता, लॅब दीड वर्षाचा आहे आणि आईच्या ऑपरेशनसाठी मेमध्ये पंधरा दिवस हैदराबादला जावं लागणार आहे. एक ट्रेनर म्हणतोय, ‘महिनाभर माझ्याकडे सोडा, सांभाळतो बी अन् शिकवूनही देतो.’ नाहीतर मग नागपूरचं एखादं होस्टेल.

ट्रेनरला सध्या नाही म्हणा. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. पोलिसांच्या श्वानपथकात कुत्र्याबरोबर त्याचा हस्तकही, म्हणजे त्याला हाताळणारा पोलीसही, शिकतो, दोघांची जोडी तयार होते. तुमचा लॅब त्या माणसाच्या आवाजावर बसायला शिकला म्हणून तुमच्या अंगणात, तुमच्या आवाजावर, समोर कोंबडी फिरत असताना बसेल हे कोणी सांगावं? ज्या शिकवण्यात मालक हजर नाही, त्यात आत काय चाललं तेही मालकाला कळत नाही. खरी अडचण ही आहे.

होस्टेलकडे वळण्याआधी एक विचारतो. घरीच ठेवता येत नाही का? रोज तुमच्याकडे येणारा, कुत्र्याला नावाने हाक मारणारा कोणी असेल, सालगडी, चुलत भाऊ, शेजारचा कॉलेजातला पोरगा, तर त्याला पैसे देऊन पंधरा दिवस तुमच्या घरी झोपायला लावा. आमच्या हिंगणघाटकडे बहुतेक लोक हेच करतात आणि गावठी कुत्र्याला तर यापेक्षा चांगलं काहीच नाही, त्याला जागा सोडवत नाही. अट एकच, त्या माणसाने रात्री तिथे झोपलं पाहिजे. नुसता सकाळ-संध्याकाळ भाकर टाकून जाणारा चालणार नाही. तुमच्या पट्ट्यात वाघ-बिबट्याचा वावर आहे. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

असं माणूस नसेल तर होस्टेल. नागपूर लांब वाटत असेल तर चंद्रपूरही बघा, तुम्हाला ते जवळ आहे. शोध मात्र इंटरनेटवरच्या ताऱ्यांवरून करू नका. कुत्र्याच्या डॉक्टरकडून करा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बैल-शेळ्यांचं काम जास्त असतं, तरी तिथल्या डॉक्टरांचे वर्गमित्र शहरात दवाखाना चालवत असतात, एक फोन ते करून देतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कुत्र्या-मांजरांची रोजची गर्दी असते. ‘चांगलं होस्टेल कोणतं?’ असं विचारलं तर गुळमुळीत उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘डॉक्टरसाहेब, कोणत्या होस्टेलहून आलेले कुत्रे तुमच्याकडे सलाईन लावायला येतात?’ नाव कोणी घेणार नाही, पण तुम्ही दोन-तीन नावं घेतलीत तर एखाद्यावर ‘तिथं नका ठेवू’ एवढं नक्की म्हणतील.

भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटाला भुलू नका. कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्याला 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तो कागद पैदाशीचा आहे. तुमचं कुत्रं तो कसं सांभाळेल याचा त्यात एक शब्द नाही. मी तर म्हणेन, जिथे पिल्लं विकायला ठेवली आहेत तिथे बोर्डिंगला ठेवूच नका. लस पूर्ण न झालेली पिल्लं आणि बाहेरून आलेली कुत्री एका आवारात म्हणजे पार्वो या जीवघेण्या रोगाला निमंत्रण. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. आत शिरताच फिनाईलचा घमघमाट आला तर ‘वा, किती स्वच्छ’ म्हणू नका. ‘फरशीला ब्लीचिंग कधी मारता?’ हे विचारा.

आता जागा बघायला जाल ती दुपारी दोन वाजता जा. सकाळी आठला कोणतंही होस्टेल चांगलंच दिसतं. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, पारा 45-46 वर जातो आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तर पुढेच असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट. 104 च्या वर गेलं की धोक्याची घंटा, 106 पर्यंत गेलं तर जीव जाऊ शकतो. आणि लॅब असतो अंगाने भरलेला. कूलर आहे म्हणून निश्चिंत व्हाल, पण बंद खोलीत कूलर लावला की हवा नुसती ओली होते, आणि ओल्या हवेत धाप टाकून उपयोग होत नाही. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी आहे का ते बघा, छत टिनाचं असेल तर वर काही टाकलंय का ते बघा. आणि रात्री लाइन गेली तर इन्व्हर्टरवर कूलर चालतो की फक्त मालकाच्या खोलीतला पंखा, हे तोंडावर विचारा.

आम्ही आमच्या शेफर्डसाठी जागा बघत होतो तेव्हा नागपूरच्या बाहेर एका ठिकाणी गेलो होतो. ऑफिसला एसी, भिंतीवर कुत्र्यांच्या वाढदिवसाचे फोटो, टोप्या घातलेले. मागचं बघायचं म्हटलं तर मालक म्हणे, ‘मागं नका जाऊ साहेब, कुत्रे भडकते.’ यात थोडं तथ्य असतं, अनोळखी माणूस दिसला की सगळे एकदम भुंकतात आणि मग तासभर शांत होत नाहीत. पण मग खिडकीतून दाखव, नाहीतर कुत्रे फिरायला नेल्यावर रिकाम्या खोल्या दाखव. हा तेही करेना. शेवटी बाजूच्या गल्लीतून डोकावलो. टिनाचं शेड, कूलर चालू, पण कूलरचं गवत कोरडं ठणठणीत, म्हणजे टाकीतलं पाणी कधीचं संपलेलं आणि आत गरम वारा जातोय. पाण्याचं टमरेल लवंडलेलं. एकच पोरगा होता, तो बिचारा खरं बोलला, ‘मी एकलाच आहो ना भाऊ, वीस-बावीस कुत्रे हायेत.’ बोलता बोलता त्याने कडी काढायला हात वर केला आणि आतल्या कुत्र्याने मान खाली घालून अंग भिंतीला चिकटवलं. पुढे काही विचारायची गरज राहिली नाही.

हे लक्षात ठेवा. जिथे जाल तिथे भाव, खोली, बेड याआधी एवढंच बघा की सांभाळणाऱ्या माणसाने हात वर केला की कुत्रं काय करतं. शेपटी हलवत पुढे आलं तर ठीक. दबलं तर तुम्ही परत फिरा.

नंतर ज्यांच्याकडे ठेवला त्या बाईंचं घर साधंच होतं, आवारात कडुलिंब, विटांच्या खोल्या, वर तुराट्यांचा मांडव घातलेला. आमच्यापुढे एक जण कुत्रं घेऊन आला होता, गाडीत सामान भरलेलं, तिकिटं काढलेली. बाईंनी लसीचं कार्ड बघितलं, तारीख उलटलेली, आणि त्याला परत पाठवलं. तो चिडला, दुप्पट पैसे देतो म्हणाला, बाई हलल्या नाहीत. मी त्याच क्षणी ॲडव्हान्स काढला. मग त्यांनी आम्हालाच विचारायला सुरुवात केली. काय खातो, किती वाजता खातो, फटाक्याला भितो का, गोळ्या चालू आहेत का, दुसऱ्या नराशी भांडतो का, शेवटची गोचीड कधी दिसली. आपण दहा प्रश्न घेऊन जातो, चांगला सांभाळणारा आपल्याला पंधरा विचारतो.

तुम्ही तिथे विचाराल ते असं: रात्री कुत्र्यांजवळ कोण झोपतं? मालक दुसऱ्या गावात राहत असेल तर उत्तर नीट ऐका. कुत्र्याने दोन जेवणं सोडली तर काय करता? ‘खाईल ना भूक लागल्यावर’ म्हणणारा नको. डॉक्टर कोणते, आणि त्या डॉक्टरांना फोन करून ते खरंच यांना ओळखतात का हेही बघा. कुत्रे एकत्र सोडता का, सोडता तर किती आणि जवळ कोण उभं असतं? माजावर आलेली मादी घेता का? तुमचा नर खस्सी केलेला नसेल तर हा प्रश्न गमतीचा नाही, त्यापायी कुत्रे कुंपण तोडतात आणि एकमेकांना फाडतात.

लसीचं आताच बघून घ्या. रेबीजची लस आणि सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन, म्हणजे पार्वोसारख्या अनेक रोगांवरची एकत्र लस, दोन्हीच्या तारखा चालू पाहिजेत, आणि राहिली असेल तर जाण्याच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, किमान पंधरा दिवस आधी. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस वेगळी असते, तीही डॉक्टरांना विचारा.

सोडण्याआधी एक रात्र ठेवून बघा. एकदम पंधरा दिवस नको. दुसऱ्या दिवशी घ्यायला जाल तेव्हा तो थकलेला असेल, आवाज बसलेला असेल, ते चालतं. घाबरलेला नको. सोडताना नेहमीचं खाणं पुरेल इतकं बरोबर द्या, खाणं बदललं की पातळ संडास ठरलेली. तुमच्या वापरातली जुनी चादर द्या, न धुता. आणि धान्याच्या काट्यावर वजन करून तिथल्या वहीत लिहायला लावा, आणताना परत करा. किलोभर इकडेतिकडे होतं. चार किलो गेलं असेल तर त्याला खायला मिळालं नाही किंवा तो आजारी होता, आणि दोन्ही तुम्हाला फोनवर सांगायला पाहिजे होतं. एका कागदावर तुमचा, तुमच्या डॉक्टरांचा आणि गावातल्या एका माणसाचा नंबर लिहा. तुम्ही दवाखान्यात असाल, फोन लागणार नाही, तर अमुक रकमेपर्यंतचा इलाज न विचारता करा असं लिहून सही करून द्या. व्हॉट्सॲपवर रोज फोटो येतात त्यावर जाऊ नका, एकाच दिवशी दहा काढून दहा दिवस पाठवणारे आहेत. जेवणाच्या वेळी मिनिटभर व्हिडिओ कॉल मागा.

परत आणल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली गोचीड शोधा. गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर वाट न बघता रक्त तपासा.

आता ट्रेनर. आई घरी येऊन बऱ्या झाल्या की पावसाळ्यात सुरू करा, दीड वर्ष म्हणजे उशीर नाही. ट्रेनर व्हायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, ज्याच्या हातात पट्टा तो ट्रेनर. त्यामुळे दोनच गोष्टी विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता? आणि चुकलं तर काय करता? पहिल्या प्रश्नावर उत्तर लांब आणि दुसऱ्यावर छोटं असलं पाहिजे. उलटं असेल, म्हणजे चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काटेरी पट्टा, उपाशी ठेवणं, ‘त्याला दाखवून द्यावं लागते मालक कोण’, तर चहा पाजून रवाना करा. हे ‘मालक कोण’ प्रकरण 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आलं. लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेक यांच्यामुळे ते जगभर पसरलं, त्यांनीच पुढे जंगलातले मोकळे कळप बघून 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. करंट देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये 2010 पासूनच बंदी आहे, आपल्याकडे ते ऑनलाइन मिळतात आणि ट्रेनर ते अभिमानाने दाखवतात. कुत्र्याला मारहाण हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण बंद गेटमागे बघायला कोण जातो? म्हणूनच शिकवणी तुमच्या अंगणात, तुमच्यासमोर, पट्टा निम्मा वेळ तुमच्या हातात.

पैसे महिन्याचे एकरकमी देऊ नका, प्रत्येक वेळचे द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ट्रेनरची गाडी वाजली की लॅब गेटकडे पळतो की पलंगाखाली जातो ते बघा आणि पुढचे पैसे त्यावर ठरवा. ‘अटॅक’ शिकवतो म्हणणाऱ्याला तर गेटच्या आतच घेऊ नका. उद्या कुत्र्याने गावातल्या लहान पोराला चावा घेतला तर ट्रेनर येणार नाही, पोलीस तुमच्याकडे येतील.

लग्नसराईमुळे मेच्या जागा लवकर भरतात. ऑपरेशनची तारीख पक्की व्हायची वाट बघू नका, आजच कार्ड काढून तारखा तपासा आणि या आठवड्यात एका दुपारी चंद्रपूरला चक्कर मारा.