आजीचं इंजेक्शन बघून लेकीला सायंटिस्ट व्हायचंय, पण तिशीपर्यंत शिकतच राहायचं का?

सिंहगड रोडवरून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात सांगायचं तर मुलगी टीवाय बीएससी मायक्रोबायोलॉजीला आहे. आजीला संधिवात, तोही र्‍हुमॅटॉइड, बोटं वाकडी झालेली. मग डॉक्टरांनी अ‍ॅडालिम्युमॅबची इंजेक्शनं सुरू केली आणि आजी परत स्वतःच्या हाताने वेणी घालायला लागली. तेव्हापासून मुलीने इम्युनॉलॉजीच (शरीराच्या प्रतिकारशक्तीचं शास्त्र) धरून ठेवलंय, तिला औषधं शोधणारी रिसर्च सायंटिस्ट व्हायचंय. बाबा म्हणतात एमबीए कर, मामा म्हणतो डेटा सायन्स कर, आणि मधल्यामधे एका क्लासवाल्याने दीड लाखाचा ‘ड्रग डिस्कव्हरी’चा सर्टिफिकेट कोर्स गळ्यात मारायला घेतलाय. आईचे प्रश्न असे, की यात नोकरी असते का, पुण्यात असते का, आणि तिशीपर्यंत आम्हीच पोसायचं का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण घरातली भांडणं त्याच्यावरूनच होतात.

तुमच्या खिशातून जाणार ते एमएससीपर्यंतचं. पीएचडीला शिक्षण म्हणूच नका, कमी पगाराची नोकरी म्हणा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (तिचीच वरची पायरी) झाली की ४२,०००, वर एचआरए म्हणजे घरभाडं (हे २०२३ पासूनचे दर). आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) यांच्या फेलोशिप्सही आहेत. म्हणजे मुलगी स्वतःचं भागवेल, फक्त कधीकधी फेलोशिपचे पैसे चार-चार महिने लटकतात, तेव्हा घरून हात द्यावा लागतो हे आधीच धरून चाला. पण मामाचा मुलगा हिंजवडीत बावीसाव्या वर्षापासून कमावतोय त्याच्याशी तुलना केलीत तर ही मागेच दिसणार, निदान पस्तिशीपर्यंत तरी, आणि यावर मी तुम्हाला गोड बोलून काही वेगळं सांगणार नाही. एमएससी दोन वर्षं, पीएचडी पाच-सहा, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस तिथेच झाली. प्राध्यापकी किंवा सरकारी संस्थेत सायंटिस्ट व्हायचं तर वर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), तोही बहुतेकदा बाहेरचा. कंपनीत जायचं तर पोस्टडॉकशिवायही जाता येतं.

आता हे काम नक्की काय असतं, कारण तुमच्या पत्रात ‘औषध शोधणं’ असं लिहिलंय आणि ते वाचून डोळ्यासमोर एक माणूस टेस्ट ट्यूब हलवताना येतो.

आजीचंच बघा ना. तिला इंजेक्शन सुरू करायच्या आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट करायला लावली असणार, आठवून बघा. ती का? तर शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रोटीन असतं, ते सांध्यात आग लावतं, सूज आणतं. १९९०च्या सुमारास लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (हे मूळचे लुधियानाचे) यांनी दाखवलं की हे एकच प्रोटीन अडवलं तरी संधिवात आटोक्यात येतो, आजीचं इंजेक्शनही तेच करतं. तोपर्यंत लोकांना वाटायचं सूज आणणारी इतकी प्रोटीनं आहेत, एक अडवून काय होणार. पण हेच टीएनएफ फुप्फुसात झोपलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायचं कामही करतं, त्यामुळे ते अडवलं की जुना टीबी उठू शकतो, आणि आपल्याकडे झोपलेला टीबी किती जणांत असतो ते वेगळं सांगायला नको. इम्युनॉलॉजीतली औषधं म्हणजे हे असं. एक नळ बंद केला की दुसरीकडे कुठे पाणी तुंबेल याचा विचार आधी करायचा, आणि तो विचार करणं हीच त्या माणसाची नोकरी.

आणि तो विचार चुकला तर काय होतं ते पण तिला माहीत असू दे. २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीतल्या प्रोटीनसारखं बनवलेलं औषध) पहिल्यांदा माणसांना दिली, सहा धडधाकट तरुणांना. प्राण्यांत जो डोस सुरक्षित निघाला होता त्याच्या पाचशेव्या भागाइतकाच दिला, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. दीड तासाच्या आत डोकेदुखी, ताप, मग अवयव फेल व्हायला लागले, सहाही जण आयसीयूत. वाचले सगळे, पण मरता मरता. नंतर शोधल्यावर कळलं की ज्या माकडांवर चाचणी केली त्यांच्या काही टी-सेल्सवर (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तो सीडी२८ नावाचा खुंटाच नव्हता ज्याला ही अँटिबॉडी माणसात जाऊन धरते. आणि माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत केलेल्या टेस्टमध्ये पण काही दिसलं नव्हतं, कारण अँटिबॉडी नुसती द्रवात सोडली होती. तीच प्लेटच्या तळाला चिकटवून बघितली तेव्हा पेशी भडकल्या. म्हणजे प्रश्न नुसत्या औषधाचा नव्हता, अ‍ॅसे (म्हणजे पेशींवरची चाचणी) कसा लावला याचाही होता. माझ्या मते ड्रग डिस्कव्हरीत सायंटिस्टचं खरं काम मॉलिक्यूल शोधण्यापेक्षा मॉलिक्यूलला वेळेवर ‘नाही’ म्हणण्याचं असतं. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्यांतलीही दहातली साधारण नऊ औषधं बाजारात येत नाहीत, आणि एक औषध यायला दहा-पंधरा वर्षं जातात. तुमच्या लेकीचं अख्खं करिअर होईल आणि तिने हात लावलेलं एकही औषध मेडिकलच्या दुकानात येणार नाही हे अगदी शक्य आहे. तिला हे चालणार आहे का? हा प्रश्न तिला विचारा, तो ‘पॅकेज किती’पेक्षा महत्त्वाचा आहे.

रोजचं काम कसं असतं तेही सांगते. समजा रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर प्रयोग आहे. रक्त येतं दुपारी तीनला, कधी पाचला, आणि आलं की त्याच दिवशी काम करावंच लागतं, ते उद्यावर ढकलता येत नाही. रक्त पातळ करायचं, फायकॉल नावाच्या जड द्रवावर ट्यूबच्या कडेकडेने इतकं हळू सोडायचं की दोन थर मिसळले नाही पाहिजेत, मग सेंट्रिफ्यूज अर्धा तास, आणि त्याचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर मशीन थांबताना सगळं ढवळलं जातं. मधे एक धुरकट पांढरी रिंग दिसते, तेवढीच पिपेटने उचलायची. मग धुवायचं, ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना चढणारा रंग) घालून मायक्रोस्कोपखाली मोजायचं, किती जिवंत किती मेल्या. हे झालं की रात्रीचे साडेआठ, आणि खरा प्रयोग अजून सुरूच झालेला नाही. वर आठवड्यातून एकदा लॅब मीटिंगमध्ये गाईड विचारणार की तुझा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) का हलला. ज्या मुलांना या गोष्टीचा कंटाळा येत नाही, उलट ती रिंग स्वच्छ आली की बरं वाटतं, ती टिकतात. हुशार पण कंटाळणारी मुलं तिसऱ्या वर्षी रडायला येतात, माझ्याकडेच येतात.

पुण्यात नोकरी आहे का, तर जागा पुष्कळ आहेत पण सगळ्या जागी तिला हवं ते काम नाही. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आहे, तिथे इम्युनॉलॉजीचं मूलभूत संशोधन चालतं. पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) तर आपली १९५२ पासूनची, कोव्हॅक्सिनसाठीचा व्हायरस तिथूनच गेला. आगरकर रोडला आघारकर इन्स्टिट्यूट. कंपन्यांत हडपसरला सीरम, हिंजवडीला जेनोव्हा (त्यांच्याच एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली), आणि ल्युपिन, ज्यांनी आजीच्या औषधाच्याच घराण्यातल्या एटानरसेप्टचं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाची जवळपास तशीच आवृत्ती) काढलं. पण नीट बघा, यातलं बरंचसं काम लशी आणि बायोसिमिलर यांचं आहे, म्हणजे माहीत असलेली गोष्ट उत्तम आणि स्वस्तात बनवणं. ते कमी दर्जाचं अजिबात नाही, पण ‘नवीन टार्गेट (औषधाने शरीरात जे अडवायचं ते) शोधायचंय’ म्हणणाऱ्या मुलीला त्यासाठी बंगळूर, हैदराबाद किंवा परदेश याची तयारी ठेवावी लागेल. आणि एमएससी झाल्या झाल्या बहुतेकांना मिळतं ते क्यूसी (मालाची तपासणी) किंवा प्रॉडक्शन. पगार वेळेवर, कॅन्टीन चांगलं, बस घरापासून, पण तीन-चार वर्षं तिथे गेली की आरअँडडीत उडी मारणं जड जातं, म्हणून पहिली नोकरी घेताना डोळे उघडे ठेवा.

मग आता काय करायचं? दहा वर्षांचा निर्णय आज घेऊच नका, पुढच्या दोन वर्षांचा घ्या. जॅमचं बायोटेक्नॉलॉजी आणि डीबीटीवाली गॅट-बी, या दोन परीक्षा तिने द्याव्यात, दोन्हींतून एमएससीच्या चांगल्या जागा मिळतात. पुण्यातच राहायचं तर एनआयव्हीची एमएससी व्हायरॉलॉजी बघा, विद्यापीठाचे विभाग आहेतच. इम्युनॉलॉजी अशी वेगळी डिग्री हवीच असं काही नाही, मायक्रोवाली, बायोटेकवाली, बी-फार्मवाली, सगळ्या वाटांनी लोक तिथे पोचतात. एमएससीचं डिझर्टेशन मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये उरकू देऊ नका, सहा महिने एखाद्या खऱ्या रिसर्च लॅबमध्ये करू दे. त्यासाठी शंभर सायंटिस्टना एकच मेल कॉपी-पेस्ट करायची सवय मुलांना असते, त्याला उत्तर येत नाही. पाच जणांचे पेपर वाचून पाच वेगळ्या मेल लिहायला सांगा. एमएससीनंतर जेआरएफ पहिल्या फटक्यात नाही लागली तर प्रोजेक्टवर एक वर्ष काम करावं, या संस्थांच्या वेबसाइटवर तशा जाहिराती येत असतात. त्या वर्षात तिला बेंचवर (म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगात) राहायचंय की नाही ते आपोआप कळेल आणि राहायचं नसेल तर क्लिनिकल रिसर्च, रेग्युलेटरी, पेटंट, मेडिकल रायटिंग ही दारं एमएससीवाल्यांना उघडी असतात.

मामाचं म्हणणं मात्र अर्धं ऐका. डेटा सायन्सची डिग्री नको, पण स्टॅटिस्टिक्स आणि थोडं आर किंवा पायथन (डेटा हाताळायच्या प्रोग्रॅमिंग भाषा) तिने आत्तापासून शिकावं. मायक्रोच्या मुलांनी गणित बारावीतच सोडलेलं असतं आणि इम्युनॉलॉजीत आता एका पेशीवरचे वीस-वीस मार्कर (ओळखखुणा) एकदम मोजतात, तो डेटा एक्सेलमध्ये बघून होत नाही.

तो दीड लाखाचा कोर्स घेऊ नका. त्यात सॉफ्टवेअरवर डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनवर कसा बसेल ते बघणं) शिकवतात, चित्रं छान येतात, सर्टिफिकेट मिळतं आणि इंटरव्ह्यूला त्यावर कोणी एक प्रश्न विचारत नाही. क्लासवाला प्लेसमेंटचं म्हणत असेल तर मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागा, देतो का बघा.

लग्नाचं तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय. पीएचडी करता करता लग्न झालेल्या कितीतरी मुली आहेत, अडतं ते सासरच्यांना रात्री साडेआठचा सेंट्रिफ्यूज समजावताना, तर स्थळ बघताना तेवढं आधीच बोलून घ्या.

आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या सुमाराला पुण्यातल्या बऱ्याच संस्था लोकांना आत येऊ देतात. तिच्याबरोबर बाबांनाही पाठवा. मोठ्या सायंटिस्टची भाषणं ऐकली नाहीत तरी चालेल, पोस्टरशेजारी जी पीएचडीची मुलं उभी असतात त्यांना गाठा आणि विचारा की मागचे तीन महिने काय फसलं. ती मुलं खरं सांगतात.