कोच व्हायचंय, पण कोणाच्या हाताखाली?

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र थोडक्यात असं: "धाकटा मुलगा संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकन फुटबॉल तो हायस्कूलपुरताच खेळला, पण गेली तीन वर्षं युनिव्हर्सिटीच्या टीमला सामन्यांची फिल्म कापून, वर्गवारी करून देतो. आता म्हणतो, मला कॉलेज फुटबॉलमध्ये कोच व्हायचंय. ओहायोतलं एक छोटं डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातलं) कॉलेज त्याला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून घ्यायला तयार आहे. मास्टर्सची फी माफ, वर थोडा भत्ता आणि लाइनबॅकर (बचावफळीतल्या) मुलांना शिकवायचं काम. दक्षिणेकडच्या एका बड्या टीमच्या ऑफिसातही इंटर्नची जागा मिळतेय. पगार जेमतेम, मैदानावरचं काम नाही. ह्यांचं म्हणणं, एवढा हट्टच आहे तर निदान नाव तरी मोठं असावं. आम्हाला यातलं काही कळत नाही. शिवाय या धंद्यात पोट भरतं का?"

ताई, नमस्कार.

त्याला ओहायोला जाऊ द्या. का ते आता सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातला वाद एका वाक्याने मिटणारा नाही.

तुमच्या यजमानांचा हिशोब आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इंजिनिअरिंगला तो बऱ्याच अंशी बरोबरही ठरतो, कॉलेजचं नाव बायोडेटावर जन्मभर पुरतं. कोचिंगमध्ये मात्र दादरच्या शिवाजी पार्कची रीत चालते. तिथे मुलाने कोणत्या रंगाची टोपी घातलीय याला फार किंमत नव्हती. आचरेकर सरांचा आहे म्हटलं की पुढचं बोलणं सुरू व्हायचं. अमेरिकन फुटबॉलमध्येही पहिला प्रश्न हाच असतो: कोणाच्या हाताखाली काम केलंस, आणि त्याने तुझ्यावर काय सोपवलं होतं? या गुरु-शिष्यांच्या साखळीला तिथे 'कोचिंग ट्री' म्हणतात. नोकऱ्या बहुतेक याच झाडाच्या फांद्यांवरून मिळतात.

आता ओहायोच का, ते बघा. तिथल्या ऑक्सफर्ड गावातल्या मायामी युनिव्हर्सिटीला (फ्लोरिडातली मायामी वेगळी) 'कोचेसचा पाळणा' हेच नाव पडलंय. वुडी हेज आणि बो शेंबेकलर हे दोघेही आधी तिथे हेड कोच होते, मग एक ओहायो स्टेटचा आणि दुसरा मिशिगनचा दादा माणूस झाला. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हेड कोच झालेले जॉन हार्बो आणि शॉन मॅकव्हे तिथे खेळले. त्याहून लहान उदाहरण हवं तर त्याच राज्यातलं अलायन्स गावचं माउंट युनियन घ्या. हे डिव्हिजन थ्री कॉलेज आहे, म्हणजे खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती नाही. लॅरी केहरेस नावाच्या कोचने तिथे 11 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्याकडे खेळलेला निक सिरियानी आधी तिथेच असिस्टंट कोच झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा हेड कोच म्हणून त्याने सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला. त्यांचाच दुसरा खेळाडू मॅट कॅम्पबेल दहा हंगाम आयोवा स्टेट सांभाळून 2025 च्या शेवटी पेन स्टेटला गेला. तुमच्या मुलाला बोलावणारं कॉलेज कदाचित इतकं भाग्यवान नसेल. पण 'छोटं कॉलेज म्हणजे अडगळ' ही समजूत त्या राज्यात तरी कुणाची नाही.

बड्या ठिकाणी काय मिळतं, तेही नीट पाहायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं तुमच्या यजमानांना वाटेल. निक सेबन अलाबामात 2007 ते 2023 हेड कोच होते आणि त्या काळात त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्या हाताखालून कर्बी स्मार्ट निघाला, जॉर्जियाला गेला आणि 2021 व 2022 हे दोन हंगाम लागोपाठ जिंकला. डॅन लॅनिंग आज ओरेगॉनचा हेड कोच आहे. तोही 2015 मध्ये अलाबामात ग्रॅज्युएट असिस्टंट होता. म्हणजे नावाला किंमत आहेच.

पण हे दोघे तिथे पोहोचायच्या आधी काय करत होते? लॅनिंग मिझुरीतल्या एका हायस्कूलमधून निघाला, कॉलेजांतून छोटी-मोठी कामं केली, सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये स्वतःच्या खेळाडूंचा गट सांभाळला, आणि मग एक पायरी खाली उतरून अलाबामात असिस्टंट झाला. लग्न झालेला, पदरी मुलं असलेला माणूस. स्मार्टही आधी व्हाल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन टू कॉलेजात डिफेन्स चालवत होता. खुद्द सेबन यांची सुरुवात 1973 मध्ये केंट स्टेटमध्ये, म्हणजे पुन्हा ओहायोतच, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून झाली. ही माणसं मोठ्या घरी गेली तेव्हा त्यांना शिकवता येत होतं.

बावीस वर्षांचा कोरा मुलगा थेट तिथे गेला तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं, ऐका. 2016 मध्ये अलाबामाच्या, पडद्यामागे फिल्म अभ्यासणाऱ्या अ‍ॅनालिस्टांमध्ये स्टीव्ह सार्किसियन होता, जो आधी वॉशिंग्टन आणि सदर्न कॅलिफोर्नियाचा हेड कोच होता. पुढे टेनेसीतून काढलेला बुच जोन्सही तिथेच येऊन बसला. पडलेली मोठी माणसं पुन्हा उभी राहायला अशा ठिकाणी येतात. सार्किसियन 2021 मध्ये टेक्ससचा हेड कोच झाला, जोन्स त्याच वर्षी आर्कन्सॉ स्टेटचा. अशांच्या रांगेत तुमच्या मुलाच्या वाट्याला फिल्मच येणार, आणि ती तो आत्ताही कापतोच आहे. जून 2024 पासून नियम सैल झाला आणि अ‍ॅनालिस्टांनाही सराव-सामन्यांत खेळाडूंना शिकवायची मुभा मिळाली. ऐकायला छान वाटतं. माझ्या मते याने नवख्याची पंचाईतच वाढली, कारण मैदानावर आता अनुभवी हातांचीच गर्दी आहे.

ओहायोत उलट आहे. माणसं कमी, म्हणून कामं जास्त. सरावात गट त्याचा. शनिवारी तोच गट चुकला तर सोमवारी जाब त्यालाच. रिक्रूटिंगसाठी, म्हणजे नवे खेळाडू मिळवायला, गाडी काढून हायस्कूलं पालथी घालणं, एखाद्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात बसून 'मुलाला आमच्याकडे पाठवा' म्हणणं, हेही त्याच्याकडे येईल. बड्या टीममध्ये कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जायची परवानगी हेड कोच आणि दहा असिस्टंट एवढ्यांनाच असते. इंटर्न तिथे पोस्टर आणि पाहुण्यांचं वेळापत्रक बघतो. पुढची नोकरी देणारे 'तू किती मुलं आणलीस' हे विचारतातच.

तो हायस्कूलपलीकडे खेळला नाही, ही तुमची धास्ती. हा तोटा खरा आहे, कारण हा धंदा माजी खेळाडूंचा आणि कोचच्या मुलांचा आहे. पण माइक लीच कॉलेजात खेळला नव्हता. कायद्याची पदवी घेऊन वकिली न करता तो या धंद्यात शिरला, मध्ये फिनलंडमध्येही कोचिंग केलं, मग आयोवा वेस्लियनसारख्या लहानशा कॉलेजात हॅल ममीबरोबर 'एअर रेड' नावाची पासिंगची पद्धत घडवली. त्याच्या आईवडिलांची पत्रं कुणाला गेली असतील, कोण जाणे! पुढे टेक्सस टेकला लिंकन रायली नावाचा मुलगा खेळाडू म्हणून टिकेना, तेव्हा लीचने त्याला विद्यार्थी-सहायक केलं. रायली 33 व्या वर्षी ओक्लाहोमाचा हेड कोच झाला.

मुलाच्या यादीत एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि आयोवा ही नावंही आहेत, असं तुम्ही लिहिलंत. ती आत्ता नाहीत, पण दहा-पंधरा वर्षांनी मुक्काम कुठे करायचा याचा विचार करायला फार उपयोगी आहेत. लुइझियानाच्या एलएसयूकडे पैसा आहे, प्रेक्षक आहेत, राज्यातच उत्तम खेळाडू पिकतात. तिथे सेबन (2003), लेस माइल्स (2007) आणि एड ऑर्जेरॉन (2019) या लागोपाठच्या तिघांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सेबन स्वतःहून गेले, माइल्सना 2016 मध्ये हंगामाच्या मध्यातच काढलं, ऑर्जेरॉनला विजेतेपदानंतर दोन वर्षांत निरोप दिला. त्यानंतरच्या ब्रायन केलीलाही ऑक्टोबर 2025 मध्ये काढलं. आयोवात मात्र 1979 पासून आजवर दोनच हेड कोच झाले: हेडन फ्राय, आणि 1999 पासून कर्क फेरेन्झ. विजेतेपदाचा मोठा चषक नाही, पण फ्राय यांच्या हाताखालून बिल स्नायडर आणि बॅरी अल्वारेझ निघाले. एकाने कॅन्सस स्टेट उभं केलं, दुसऱ्याने विस्कॉन्सिन. हेड कोचला निवड असेल तर एलएसयूचा मोह समजू शकते. असिस्टंटने, विशेषतः घरी शाळेत जाणारी मुलं असतील तर, आयोवासारखी जागा शोधावी. हेड कोच बदलला की खालचा संच बहुधा सगळाच बदलतो, आणि टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये जिम्बो फिशरला काढताना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, तसले आकडे असिस्टंटांच्या करारात नसतात.

पोट भरतं का? पहिली काही वर्षं कसंबसं. ग्रॅज्युएट असिस्टंटचा भत्ता खोलीभाडं आणि जेवणात संपतो, हंगामात आठवड्याचे सातही दिवस काम असतं. वर पोहोचलेल्यांचं काय विचारता, कर्बी स्मार्टचा करार वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा आहे आणि मोठ्या टीमचे असिस्टंटही काही लाख डॉलर मिळवतात. बहुतेक माणसं मात्र यांच्यामध्ये कुठेतरी, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलत राहतात. कर्ट सिग्नेटीने सेबन यांच्याकडची नोकरी सोडून 2011 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू कॉलेजात हेड कोचची जागा धरली, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. इंडियानासारख्या वर्षानुवर्षं हरणाऱ्या टीमने त्याला बोलावलं तेव्हा बासष्टचा. पहिल्याच हंगामात, 2024 मध्ये, 11 सामने जिंकून त्याने टीमला राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये नेलं, पुढच्या वर्षी बिग टेन ही त्यांची लीग जिंकली. इतका दम तुमच्या मुलात आहे का, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून मास्टर्सचा विषय जपून निवडायला सांगा. खेळ-व्यवस्थापन सगळेच घेतात. त्या कॉलेजात संख्याशास्त्राला जवळचं काही असेल तर तेच घ्यावं. 2025-26 पासून युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, एका संस्थेमागे पहिल्या वर्षीची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. कोणत्या खेळाडूवर किती खर्चायचे याचं गणित मांडणारी माणसं टीमना हवी झाली आहेत. स्टॅनफर्डने तर 2024 मध्ये आपला माजी खेळाडू अँड्र्यू लक याला फुटबॉलचा जनरल मॅनेजर नेमलं. कोचिंग नाही जमलं तरी ही वाट त्याच इमारतीतून निघते. शिवाय शिक्षकाचं प्रमाणपत्र काढून हायस्कूल कोच होता येतं. त्यात कमीपणा मानू नका, टेक्ससमध्ये त्या माणसाला गावात मोठा मान असतो.

होकार कळवण्याआधी मुलाने ओहायोच्या हेड कोचला फोन करून दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. गेल्या पाच-सहा वर्षांतले तुमचे ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत? आणि तुम्ही स्वतः अजून दोन वर्षं इथे आहात का? पहिल्या प्रश्नाला नावं आणि गावं धडाधड आली तर ठीक. 'सगळे छान चाललेत' एवढंच ऐकू आलं तर त्याने त्यातल्या एखाद्याला स्वतः शोधून बोलावं. दक्षिणेकडच्या टीमलाही नकार गोडीने कळवावा, दोन वर्षांनी तिथेच अर्ज करायचाय.

तुमच्यासाठी एक काम आहे. तो 26 वर्षांचा होईपर्यंत त्याला तुमच्या आरोग्य विम्यावर ठेवता येतं, तेव्हा कॉलेजचा विमा घेण्याआधी दोन्हींचा हप्ता ताडून बघा. तुमचा विमा न्यू जर्सीतल्या डॉक्टरांपुरताच असेल तर ओहायोत त्याचा फारसा उपयोग होणार नाही, हेही विमा कंपनीकडून आत्ताच विचारून घ्या.