त्सुनामीचा इशारा तुम्ही स्वतः अनुभवलाय का? अशा वेळी नक्की काय करायचं?

हो, एकदा. लाट आलीच नाही हे आधीच सांगते, म्हणजे कोणी थरारक वाचायच्या तयारीने बसायला नको. पण आली असती तर आमचं काही खरं नव्हतं, इतका गोंधळ आम्ही घातला.

तेव्हा आम्ही समुद्राला अगदी लागून भाड्याच्या घरात राहायचो. दुपारी मोबाईल कर्कश वाजला, पाठोपाठ सासूबाईंचा, मग शेजारच्यांचे. भूकंप लांब समुद्रात झालेला, आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं खरं का खोटं यातच गेली, नवरा टीव्ही लावतोय, मी बहिणीला फोन लावतेय तो लागत नाहीये, शेजारचे काका तर चक्क गच्चीवर जाऊन पाणी मागे हटतंय का बघत उभे. (दरवेळी आधी हटतंच असं नाही हो, लाटेचा खोलगट भाग आधी किनाऱ्याला पोचला तर हटतं, नाहीतर सरळ चढतंच.) मग कागदपत्रं. ती कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली शिलाई मशीनच्या खणात आहे हे मला सगळं घर उलथंपालथं केल्यावर आठवलं.

त्यानंतर सगळ्यात मोठा मूर्खपणा, गाडी काढली. आमच्याकडून बाहेर पडायचा रस्ता आधी किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचा आणि पुढे खाडीवरचा पूल, तिथे सगळं गाव अडकलेलं. अर्धा तास जागच्या जागी, समोर ब्रेकलाइट आणि डाव्या खिडकीत समुद्र. नंतर कळलं की घरामागून टेकडीवर पायवाट जाते. एका रविवारी सासूबाईंना घेऊन घड्याळ लावून चढलो, त्यांचे गुडघे धरून, दोनदा बसून, चौदा मिनिटं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की कुठे जायचं ते आजच पायी जाऊन बघा. समुद्रसपाटीपासून साधारण 30 मीटर उंच किंवा 3 किलोमीटर आत, आणि तेवढं जमण्यासारखं नसेल तर भक्कम आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर. पाणी कमी दिसतंय म्हणून त्यातून चालत जाऊ नका, जोरात वाहणारं फूटभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं.

दुसरं, मेसेजची वाट बघायची का, हे भूकंपावर अवलंबून आहे. खोल समुद्रात लाट ताशी 700-800 किलोमीटरने धावते, तरी भूकंप लांबचा असेल तर हातात काही तास असतात आणि तिथे सायरन, मेसेज कामाला येतात. पण किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली किंवा वीसेक सेकंद हलतच राहिली तर तोच इशारा, हादरे थांबले की लगेच निघायचं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर 1907 च्या लाटेची आठवण लोकांनी गोष्टींतून जपली होती, त्यांच्याकडे त्याला शब्दच आहे, स्मोंग. 2004 मध्ये तिथे पहिली लाट दहा मिनिटांच्या आत आली, सायरन वगैरे काही नव्हतं, तरी हजारो लोकवस्तीच्या त्या बेटावर मेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि परत यायची घाई नको. आमच्याकडे तासाभरात लोक "काय नाय होत" म्हणत माघारी फिरले. 1964 च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत असंच झालं, आधीच्या लाटा ओसरल्या म्हणून काही जण दुकानाची साफसफाई करायला परतले आणि सगळ्यात मोठी निघाली चौथी. दोन लाटांत तासाभराचंही अंतर असू शकतं, तेव्हा प्रशासनाने सांगितल्याशिवाय खाली उतरायचंच नाही.

लाट न येण्याचंही कारण असतं. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा प्रचंड भूकंप झाला, पण तिथे जमीन आडवी सरकली, वर उचलली गेली नाही, म्हणून पाणीही फारसं ढकललं गेलं नाही. हे पहिल्या काही मिनिटांत नक्की कळत नाही म्हणून इशारा आधी द्यावाच लागतो, त्याला अफवा म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

आता दाराशी एक पिशवी टांगलेली असते, त्यात कागदांच्या झेरॉक्स, पाणी, शिटी, पॉवर बँक, टॉर्च, सासूबाईंच्या गोळ्या. गोळ्यांची तारीख मी बघत असते, पण परवा टॉर्च लावून बघितला तर सेल फुटून आत सगळं चिकट झालेलं.